चंद्रमुखीचे घर

एखादी कादंबरी लोकमान्य झाली आणि तिच्यावर एकामागून एक चित्रपट निघू लागले, म्हणजे नायक-नायिकांचे भवितव्य बहुधा सुरक्षित राहते. कारण त्यांची कथा ठाऊक असल्यामुळेच प्रेक्षक चित्रगृहात आलेला असतो आणि तीत केलेला फेरफार त्याला सहसा खपत नाही. दुय्यम पात्रांना मात्र अशी कोणतीही सनद मिळालेली नसते. पटकथा लांबली की त्यांची प्रकरणे गळतात, नामवंत नटी मिळाली की त्यांच्या वाट्याला नवी गाणी येतात, आणि काळाची नीतिकल्पना पालटली की त्यांचा शेवटही पालटतो. म्हणून समाजाचे मन कसकसे बदलत गेले हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने नायकापेक्षा अशा एखाद्या पात्राचे दप्तर उघडून पाहिल्यास अधिक काही हाती लागेल. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘देवदास’मधील चंद्रमुखी हे असेच एक पात्र आहे, आणि चित्रपटांनी तिला जे दिले व तिच्याकडून जे काढून घेतले त्याचा हिशेब अद्याप नीट मांडला गेलेला नाही, असे मला वाटते.

‘देवदास’ ही शरद्बाबूंच्या तारुण्यातील कृती. 1876 साली जन्मलेल्या या लेखकाने ती विशीच्या मध्यावर, म्हणजे विसावे शतक उगवत होते त्या सुमारास, लिहिली. परंतु ती प्रसिद्ध करण्याविषयी तो दीर्घकाळ नाखूष होता आणि पुस्तकरूपाने ती 1917 साली लोकांपुढे आली. मामा वरेरकरांनी शरद्बाबूंचे साहित्य मोठ्या निष्ठेने मराठीत आणल्यामुळे आपल्याकडील दोन पिढ्यांनी हा बंगाली कादंबरीकार जवळजवळ घरचाच मानला. कथानक सर्वपरिचित आहे. तालसोनापूरच्या जमीनदाराचा धाकटा मुलगा देवदास आणि शेजारची पार्वती यांचे बालपणापासूनचे प्रेम कुलाभिमानापुढे हरते. पार्वती हातीपोत्याच्या वयस्क जमीनदाराची दुसरेपणाची पत्नी होते. आणि ऐन वेळी कच खाल्लेला देवदास कलकत्त्यात मद्याच्या आहारी जातो. तेथे मित्र चुनीलाल त्याला ज्या कलावंतिणीच्या माडीवर नेतो, ती चंद्रमुखी.

चंद्रमुखी म्हटले की सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे झुंबरांच्या उजेडात नाचणारी एक लावण्यवती उभी राहते. कादंबरीतील चंद्रमुखी मात्र या माडीवर फार काळ राहतच नाही. पहिल्या भेटीत देवदास तिच्याशी उघड तिरस्काराने वागतो आणि पैसे टाकून निघून जातो. ज्या घरात येणारा प्रत्येक जण स्तुती घेऊन येतो, तेथे आलेला हा एवढा एकच निखळ तिरस्कार तिच्या मनाला असा काही स्पर्श करतो, की काही काळाने देवदास परत येतो तेव्हा तिने आपला व्यवसाय सोडलेला असतो, दागदागिने आणि सामानसुमान विकून टाकलेले असते, आणि त्याची एकवार भेट व्हावी एवढ्यासाठीच ती शहरात थांबलेली असते. देवदासाने तिला तसे सांगितलेले नसते, बदल्यात काही देण्याचे वचनही दिलेले नसते. हा निर्णय सर्वस्वी तिचा असतो. कादंबरीभर निर्णय टाळीत राहणाऱ्या नायकाच्या शेजारी लेखकाने ही स्त्री उभी केली आहे, हे विसरता कामा नये.

त्यानंतर येतो तो भाग माझ्या मते या कादंबरीतील सर्वांत निर्मळ भाग होय. अशथझुरी नावाच्या एका लहानशा गावात, नदीकाठच्या उंचवट्यावर, चंद्रमुखी मातीचे दोन खोल्यांचे घर बांधून राहते. शेजारी गोठा, गोठ्यात एक काळी धष्टपुष्ट गाय. सारवलेले स्वच्छ अंगण, अंगणात तुळस. समोर नदीवर उतरण्यासाठी घाट. गावात उच्चवर्णीयांची वस्ती नाही. शेतकरी, गवळी, बागदी, तेली आणि गावाच्या टोकाला चांभारांची दोन घरे, एवढाच तेथला समाज. पावसाळ्यात नदी फुगून पाणी तिच्या घराच्या पायथ्याशी आले, म्हणजे गावकरी आपण होऊन फावडी घेऊन येतात आणि मातीची भर घालून तिची जागा उंच करून देतात.

देवदासाने पाठविलेली रक्कम ती गावातील अडल्यानडल्यांना कर्जाऊ देते. व्याज घेत नाही. मुद्दलासाठी तगादा लावीत नाही. ज्याला फेडता येत नाही तो फेडीत नाही, आणि फेडणारा कृतज्ञतेने शेतातला भाजीपाला, केळी, मुळे आणून देतो. ज्या काळी बंगालमधील रयत जमीनदाराची कचेरी आणि सावकाराची वही या दोहोंच्या मध्ये भरडली जात होती, त्या काळी शहराने बहिष्कृत केलेली एक स्त्री बिनव्याजी कर्जाचे खाते चालविते आणि त्या खात्याला विश्वासाखेरीज दुसरा जामीन नसतो, ही कल्पना पंचविशीतल्या लेखकाला सुचावी, याचे मोल फार मोठे आहे. पार्वतीला सासरी मोठा वाडा मिळाला, देवदासाला वडिलार्जित इस्टेट मिळाली; पण स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या हिशेबाने उभे केलेले घर या कादंबरीत एकाच माणसाचे आहे, आणि ते चंद्रमुखीचे आहे.

दोन वर्षे अशी गेल्यावर देवदासाची काहीच वार्ता लागत नाही, म्हणून ती गावातल्या भैरवाला सोबत घेऊन तालसोनापूरला जाते. तेथे देवदासाच्या घरच्या मोठ्या सुनेकडून तिला कळते की देवदास कलकत्त्यात आपल्या सर्वनाशाच्या वाटेवर आहे. तेव्हा ती कलकत्त्याला परतते आणि, त्याला गाठण्याचा दुसरा मार्ग उरला नाही हे ओळखून, टाकून दिलेला साजशृंगार केवळ त्याच्या शोधासाठी पुन्हा अंगावर चढविते. एके रात्री तो रस्त्यावर बेहोष पडलेला सापडतो. ती त्याला घरी आणते, वैद्यकीय उपचार करविते, रात्रंदिवस शुश्रूषा करून त्याला उभे करते; आणि हवापालटासाठी तो पश्चिमेकडे निघतो, तेव्हा दासी म्हणून तरी आपल्याला सोबत न्यावे अशी विनंती करते. देवदास ती नाकारतो, कारण इतका निर्लज्जपणा आपल्याच्याने होणार नाही असे त्याला वाटते. मृत्यूनंतर जर मीलन असेल तर आपण तुझ्यापासून दूर राहू शकणार नाही, अशा आशयाचे आश्वासन तेवढे तो मागे ठेवतो. सर्वस्व देऊन चुकलेल्या माणसाच्या पदरात परलोकीची हुंडी टाकण्याचा हा प्रकार वाचताना आजही मन अस्वस्थ होते.

यानंतर चंद्रमुखी कादंबरीत दिसत नाही. तरीही लेखकाने तिचा निवाडा एका जागी करून ठेवला आहे. अलाहाबाद, लाहोर असे भटकत मुंबईस पोहोचलेला देवदास जेव्हा मृत्यूची चाहूल लागून परत फिरतो, तेव्हा त्याला आपल्या आईची आठवण होते आणि त्या आठवणीच्या शेजारीच चंद्रमुखीची मूर्ती सगौरव उभी राहते. जिला आपण पापिणी समजत आलो ती आईच्या पंक्तीला येऊन बसली, हे पाहून त्याचे डोळे पाझरू लागतात. एवढे झाल्यावरही तो जातो मात्र हातीपोत्याला, कारण पार्वतीला त्याने शब्द दिलेला असतो. पार्वतीच्या दाराशी त्याला मरण येते. अखेरच्या परिच्छेदात निवेदक पार्वतीचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक नाही असे सांगतो आणि देवदासासाठी वाचकांपाशी सहानुभूतीचे दोन अश्रू मागतो. चंद्रमुखीचे नावही तेथे निघत नाही. तिला ही बातमी कोणी कळविली, की अशथझुरीच्या त्या घरात ती वाटच पाहत राहिली, हे वाचकाने आपल्या मनाशी ठरवायचे.

ही मोकळी सोडलेली जागा पुढे प्रत्येक दिग्दर्शकाला आव्हान देत आली. 1928 साली नरेश मित्र यांनी ‘देवदास’चा मूकपट काढला. परंतु या कथेला बोलपटाच्या युगात सर्वदूर पोहोचविले ते प्रमथेश बरुआ यांनी. न्यू थिएटर्ससाठी 1935 साली त्यांनी बंगाली ‘देवदास’ दिग्दर्शित केला आणि त्यात नायकाचे कामही केले. पाठोपाठ निघालेल्या हिंदी आवृत्तीत कुंदनलाल सैगल नायक झाले. चंद्रमुखी बंगालीत चंद्रावती देवींनी आणि हिंदीत राजकुमारी यांनी साकारली. बरुआंचा सर्वांत गाजलेला प्रयोग अखेरच्या भागात आहे: आगगाडीत तळमळणारा देवदास आणि दूर सासरी अकस्मात व्याकूळ होणारी पार्वती यांची दृश्ये आलटून पालटून दाखवून त्यांनी दोन मनांमधले अदृश्य सूत्र प्रेक्षकांच्या प्रत्ययास आणून दिले. चित्रपटकलेच्या दृष्टीने ही मोठीच झेप होती. परंतु कादंबरीत त्या अंतिम प्रवासाच्या वेळी देवदासाच्या अंतःकरणात आईच्या शेजारी जी उभी होती, तिला या सूत्रात स्थान मिळाले नाही. पुढील सर्व ‘देवदासां’चा सांगाडा येथेच ठरून गेला, आणि शेवट हा पार्वतीच्या मालकीचा झाला.

या कथेतील आत्मनाशाला पहिले खणखणीत उत्तर महाराष्ट्रातून गेले, याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. 1939 साली पुण्याच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली मराठीत ‘माणूस’ आणि हिंदीत ‘आदमी’ काढला, तो ‘देवदास’च्या प्रभावाला दिलेला जबाब मानला जातो. शाहू मोडक यांचा शिपाई गणपत आणि शांता हुबळीकर यांची वेश्यावस्तीतली मैना यांच्या त्या कथेत मैना आपल्या पिळवणूक करणाऱ्या मामाचा खून करते आणि शिक्षेला स्वतः सामोरी जाते. आणि गणपतने तिच्यासाठी आयुष्याची माती करून घेऊ नये असाच त्या चित्रपटाचा आग्रह आहे. चंद्रमुखीच्या जातीची स्त्री तेथे कथेच्या केंद्रस्थानी आली आणि तिचा निर्णय हाच कथेचा कणा ठरला. शरद्बाबूंच्या चंद्रमुखीला ‘देवदास’च्या चित्रपटांत जे मिळाले नव्हते, ते मैनेला आपल्या पुण्यात मिळाले.

बरुआंच्या हिंदी ‘देवदास’चे छायालेखक बिमल रॉय होते. वीस वर्षांनी, 1955 साली, त्यांनी मुंबईत स्वतःचा ‘देवदास’ निर्माण केला आणि तो बरुआ व सैगल यांच्या स्मृतीस अर्पण केला. पटकथा नवेंदु घोष यांची, संवाद राजिंदर सिंह बेदी यांचे, गीते साहिर यांची आणि संगीत सचिनदेव बर्मन यांचे. दिलीपकुमार देवदास, सुचित्रा सेन पार्वती, आणि वैजयंतीमाला चंद्रमुखी. मूळ कथेशी या चित्रपटाने पुष्कळच इमान राखले, चंद्रमुखीचा वैभवत्यागही गांभीर्याने दाखविला. अशथझुरीतल्या तिच्या जीवनाला मात्र कादंबरीइतका अवकाश येथेही लाभला नाही. त्याऐवजी बिमलबाबूंनी तिला एक अपूर्व क्षण दिला. कादंबरीत पार्वती आणि चंद्रमुखी यांची भेट कधीच होत नाही. बिमलबाबूंच्या चित्रपटात एका ग्रामीण वाटेवर पार्वतीची पालखी एका बाजूने येते आणि पायी चाललेली चंद्रमुखी दुसऱ्या बाजूने. दोघी एकमेकींकडे पाहतात. एक शब्दही बोलला जात नाही, कोण कोण आहे हे कोणी सांगत नाही, आणि वाटा वेगळ्या होतात. एकीजवळ प्रतिष्ठा आहे, दुसरीजवळ वाट चालण्याची मोकळीक आहे, आणि दोघींचे दुःख एकच आहे, हे सारे त्या नजरेत सामावलेले आहे. मुळात नसलेली ही भेट मुळाच्या आत्म्याला कोठेही बाध आणीत नाही; रूपांतरकाराने स्वातंत्र्य कसे घ्यावे याचा हा वस्तुपाठच होय.

या भूमिकेसाठी वैजयंतीमालांना फिल्मफेअरचे सहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्यांनी ते स्वीकारण्यास नकार दिला. आपली भूमिका सुचित्रा सेन यांच्या बरोबरीची आहे, ती दुय्यम नाही, ही त्यांची कैफियत होती. पारितोषिकांच्या वर्गवारीवरून झालेला हा वाद वरवर क्षुल्लक वाटेल. पण चंद्रमुखीच्या वतीने तिच्या दर्जासंबंधी कोणीतरी जाहीरपणे फिर्याद रुजू केली, ती ही पहिलीच होय.

दरम्यान तेलुगूत 1953 साली अक्किनेनी नागेश्वरराव आणि सावित्री यांचा ‘देवदासु’ निघाला, बांगलादेशात 1982 साली चाषी नजरुल इस्लाम यांनी आपली आवृत्ती काढली, आणि हिंदी चित्रसृष्टीत या कथेच्या छाया असंख्य कथानकांवर पडल्या. त्या छायांमध्ये कलावंतिणीचा एक ठरीव शेवट रूढ झाला: तिने नायकावर निस्सीम प्रेम करावे आणि योग्य वेळी मरून वाट मोकळी करावी. 1978 च्या ‘मुकद्दर का सिकंदर’मधील जोहराबाई आत्महत्या करते, ती याच रूढीची बळी. या पार्श्वभूमीवर शरद्बाबूंनी चंद्रमुखीला जिवंत ठेवले, तिला पश्चात्तापाच्या अग्नीत जाळले नाही किंवा एखाद्या उदार पुरुषाच्या गळ्यात बांधले नाही, याचे महत्त्व अधिकच पटते. राजलक्ष्मीसारखी स्त्री ज्याच्या ‘श्रीकांत’मध्ये मानाने वावरते, त्या लेखकाला पतित म्हणविल्या गेलेल्या स्त्रीच्या मरणावर करुणेची किंमत वसूल करावयाची नव्हती.

2002 साली संजय लीला भन्साळी यांनी ‘देवदास’ला अभूतपूर्व ऐश्वर्य चढविले. शाहरुख खान आणि ऐश्वर्या राय यांच्याबरोबर चंद्रमुखी झाल्या त्या माधुरी दीक्षित, आणि बिरजू महाराजांच्या नृत्यरचनेत बसविलेले त्यांचे कथक ज्यांनी पाहिले, त्यांना त्या भूमिकेतील डौल विसरता येणार नाही. येथे चंद्रमुखी गावाकडे जात नाही. तिचे घर म्हणजे तिची माडीच. पण दिग्दर्शकाने तिला वेगळ्या प्रकारचा सन्मान दिला. दुर्गापूजेच्या मूर्तीसाठी वेश्येच्या अंगणातील माती लागते, ही बंगालमधील जुनी चाल. त्या मातीच्या निमित्ताने पार्वती स्वतः चंद्रमुखीच्या दारी येते आणि तिला आपल्या वाड्यातील उत्सवाचे निमंत्रण देते. दोघी एकत्र नाचतात. नंतर मिलिंद गुणाजी यांनी रंगविलेला कालीबाबू भर समुदायात तिची ओळख उघड करून तिचा पाणउतारा करू पाहतो, तेव्हा ती त्याच्या थोबाडीत मारते आणि प्रतिष्ठितांच्या हवेल्यांचा व माडीचा संबंध सर्वांसमक्ष सांगून मोकळी होते. 1955 साली जी नजर पुरेशी होती, तिच्या जागी 2002 साली उघड उत्तर आले. समाजाला ते ऐकवणे आवश्यक होते आणि ते ऐकून घेण्याची समाजाची तयारीही झाली होती. तरीसुद्धा एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हा सारा सन्मान तिला मिळतो तो पार्वतीच्या वाड्यात, पार्वतीच्या निमंत्रणावरून, आणि एका रात्रीपुरता. अशथझुरीच्या घरात ती कोणाची पाहुणी नव्हती.

सात वर्षांनी आलेल्या अनुराग कश्यप यांच्या ‘देव डी’ने कथा आजच्या पंजाबात आणि दिल्लीच्या पहाडगंजमध्ये नेली. कल्की केक्लां यांनी रंगविलेली लेनी ही शाळकरी मुलगी एका चोरट्या चित्रफितीमुळे बदनाम होते, घर तिला थारा देत नाही, आणि चुनी, म्हणजे येथला चुनीलाल, याच्या आश्रयाला आल्यावर दूरदर्शन संचावर भन्साळींचा चित्रपट पाहून ती आपले नाव चंदा ठेवते. वरवर पाहता मुळापासून सर्वांत दूर गेलेला हा चित्रपट. पण ही चंदा या व्यवसायात असतानाच महाविद्यालयात शिकते, स्वतःच्या पायांवर उभी राहण्याची तजवीज करते, आणि अखेरीस येथला नायक देव मरत नाही, तर भानावर येऊन तिच्याकडे परततो. पडद्यावरच्या चंद्रमुखीला स्वतःचे असे काहीतरी पुन्हा मिळाले ते येथे. आणि शेवट पार्वतीच्या हातून निसटून तिच्या हाती आला तोही येथेच.

चित्रपटांनी तिचे गाव वगळले किंवा आखडते घेतले, यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणता येणार नाही. चित्रपटाला दोन-तीन तासांची मर्यादा आहे. कलावंतीण पात्रांत असली की गाणे आणि नृत्य ओघाने येतात, आणि शेणाने सारवलेल्या अंगणात ती सोय नाही. शिवाय एका पुरुषाभोवती दोन स्त्रिया अशी त्रिकोणी मांडणी एकदा पक्की झाली, म्हणजे त्या पुरुषावाचून दोन वर्षे समाधानाने जगणारी स्त्री त्या मांडणीत बसत नाही. ती तिथे राहिली तर प्रेक्षकाच्या मनात असा प्रश्न उभा राहील, की ज्या देवदासासाठी आपण अश्रू ढाळतो त्याने हिच्यासारखे घर का बांधले नाही? तो प्रश्न नायकाला परवडणारा नाही, आणि नायकावर उभ्या असलेल्या व्यवसायालाही नाही.

पण तो प्रश्न लेखकाने विचारलेला आहे. पुढेमागे कोणी दिग्दर्शक ‘देवदास’ हाती घेईल, आणि घेईलच, तर त्याने झुंबरे थोडी कमी टांगावीत आणि नदीकाठच्या त्या दोन खोल्यांसाठी, त्या गाईसाठी, त्या बिनव्याजी कर्जाच्या हिशेबासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत, एवढी माझी विनंती आहे. ते होईपर्यंत वाचकांनी मूळ पुस्तक कपाटातून काढावे आणि देवदासाच्या मरणाचे प्रकरण या वेळी बाजूस ठेवून अशथझुरीचे प्रकरण वाचावे. शरद्बाबूंची चंद्रमुखी तेथेच पूर्ण भेटते.